बिननावाची हाक

मिस्त्रीनं दुलीचंदला ग्रीस आणायला पाठवलं होतं, एवढंच. अर्धा किलो ग्रीस, आणि येताना जमलं तर बिडीचं बंडल. साल एकोणसत्तर, महिना मे. त्या वर्षी बालाघाटात ऊन असं होतं म्हणतात, की पंक्चर झालेली ट्यूब नुसती दगडावर टाकली तरी आपली आपण चिकटून यायची. ऐकणाऱ्यानं हे निम्मं धरावं. पुढचं मात्र निम्मं धरू नये. त्यातलं काय वगळायचं हे अजून कोणाला ठरवता आलेलं नाही.

दुलीचंद सतरा वर्षांचा. मॅट्रिकला दोनदा आपटलेला, आणि महागू मिस्त्रीच्या मोटर गॅरेजात काम शिकायला लागलेला. ग्रीसचा डबा घेऊन तो परत आला तेव्हा त्याच्या खिशात रुमालात गुंडाळलेले, आवाज मोठा करणाऱ्या ॲम्प्लीफायरचे दोन काचेचे व्हॉल्व होते. ते मोतीलाल लाउडस्पीकरवाल्याच्या दुकानातले. मोतीलालला त्याचा पत्ता नव्हता. पत्ता होता तो फक्त वसंताला, कारण वसंता मोतीलालकडे कामाला होता आणि लग्नाच्या घरी झाडावर चढून भोंगे बांधायचा.

"फुटले त माह्यी चामडी सोलेल थो," वसंता म्हणाला होता.

"नाई फुटत बे."

"अन् भोंगा? भोंग्याचं काय सांगू त्याले?"

"दुरुस्तीले देला म्हण."

हे सगळं कशासाठी, तर गाण्यासाठी. आणि गाणं कशासाठी, तर साधनासाठी.

साधना दोन गल्ल्या सोडून राहायची. कचेरीतल्या भैयालाल बाबूंची मुलगी, सोळा वर्षांची, वेणीला लाल रिबीन. वर्षभर दोघांचं चिठ्ठ्यांवर चाललं होतं, आणि टपालवाला होता वसंता. मग फागुनात भिलाईहून स्थळ आलं. मुलगा कारखान्यात पक्क्या नोकरीवर, राहायला क्वार्टर. साधनानं हे नळावर भेटून सांगितलं तेव्हा तिला काय हवं होतं? एवढंच, की दुलीचंदनं म्हणावं, नको जाऊ. पण सतराव्या वर्षी माणसाचं डोकं सायलेन्सरसारखं तापलेलं असतं. तो म्हणाला, "जा मंग भिलाईले. जा!"

ती गेली. भिलाईला नाही, घरी. पण त्या दिवसापासून चिठ्ठी बंद.

आता गाण्याचं. भरवेलीच्या मँगनीज खाणीत कलकत्त्याकडचे एक इंजिनियर होते. त्यांची बदली झाली तेव्हा त्यांच्या मुलानं रेकॉर्डींची एक पेटी मोतीलालला विकली. त्यातल्या निम्म्या लहान लहान रेकॉर्डी, इंग्रजी, वरचे कागद सोललेले. लग्नात त्या कोण वाजवणार? मोतीलालनं त्या माळ्यावर टाकल्या आणि वसंतानं त्या खाली काढल्या. प्रत्येक गाणं दोन-अडीच मिनिटांचं. कुठल्याशा परदेशातली पोरं, तीन-चार जण, घराच्या मोटारखान्यात बसून वाजवत असावीत असा आवाज. ढोल म्हणजे डबे, गिटार म्हणजे करवत. आणि वर एक पोरगा केकाटतोय, केकाटतोय, घसा फाटेपर्यंत. दुलीचंदला त्यातला एक शब्द कळत नव्हता. पण त्याला सोडून कोणीतरी गेली आहे आणि तो तिला बोलावतोय, हे पहिल्या रेकॉर्डीलाच कळलं. ऐकता ऐकता तो भिंतीकडे तोंड करून बसला. वसंतानं विचारलं, "काहून रडून राह्यला बे?" तर म्हणाला, "डोळ्यात पेट्रोल गेलं."

मग त्यानं गोंदियाहून एक जुनी गिटार आणली. पोट फुटलेली. त्याला बिस्किटाच्या डब्याचा पत्रा ठोकला, भोकात आवाज पकडायला टेलिफोनच्या रिसीव्हरची चकती बसवली, आणि सहावी तार मिळाली नाही म्हणून मोटारसायकलच्या क्लचवायरची एक लड उलगडून लावली. वसंतानं मोबिल ऑइलचे दोन रिकामे पिंप घेतले, आणि मोतीलालच्या अडगळीतला एक जुना ॲम्प्लीफायर आणि माइक आणला. गाणं दुलीचंदनं स्वतः जोडलं. चारच ओळी:

*रागाच्या भरात म्हटलं जा,*
*तू खरंच निघाली काय?*
*दार उघडंच ठेवलं मी...*
*परत ये.*

शेवटचं "परत ये" लांब, वर नेऊन, दम संपेपर्यंत. एका गाण्यात एकच हाक.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात साधनाचं लग्न ठरलं. शुक्रवारी. सोमवारी वसंता भैयालाल बाबूंच्या मांडवावर भोंगे बांधायला गेला आणि परत आला तो निरोप घेऊन. निरोप तोंडीच होता, पण वसंतानं शब्दन् शब्द पाठ केला होता.

"ती म्हणे, त्याले सांग, पहिल्या हाकेले कोणी ओ देत नाही. तीन दिवस हाक मार म्हणावं. तिसऱ्या हाकेले मन झालं त येईन."

दुलीचंदनं त्याचा दंड धरला. "अजून काय म्हणे?"

"म्हणे, माह्यं नाव घेऊ नको. साऱ्या मोहल्ल्यात माह्या बापाची मान खाली जाईल. नाव घेशीन त माह्यं मेलेलं तोंड पाहशीन."

म्हणजे मंगळवार, बुधवार, गुरुवार. तीन हाका, आणि नाव न घेता. एवढंच दुलीचंदच्या हातात होतं.

*

गॅरेज म्हणजे चारी बाजूंनी पत्रा, वर पत्रा, आणि पुढे पत्र्याचंच मोठं दार. दुपारी बारा ते दोन मिस्त्री घरी जेवून झोपायचा. बारा ते दोन मांडवातल्या रेकॉर्डीही बंद असायच्या. त्या दोन तासांत गल्लीत कुत्रंसुद्धा नसे. दार लावून घेतलं की आत काळोख. पत्र्याला खिळ्यांची भोकं होती, त्यातून उन्हाच्या सुया आत यायच्या आणि जमिनीवरच्या तेलात घुसायच्या. काळं तेल, तापलेलं लोखंड, जळकं रबर यांचा वास. आणि मागच्या भिंतीला टेकून तो ट्रक.

मँगनीजचा ट्रक होता. तीन वर्षांपूर्वी बिरसा गावाच्या पुढे घाटात उलटला, आणि ओढून आणून इथे उभा केला तो केलाच. मालक फिरकला नाही. मिस्त्री त्याचा एक नटही काढत नसे. केबिनचं दार आत चेपून बसलेलं होतं, काचेवर बोटभर धूळ.

मंगळवारी पहिली हाक. भोंगा छपरावर, तोंड साधनाच्या घराकडे. ॲम्प्लीफायरचे व्हॉल्व लाल झाले, गरम धुळीचा वास सुटला, आणि वसंतानं पिंपावर पहिला ठोका मारला तेव्हा वैनगंगेच्या पलीकडचे कावळे उडाले म्हणतात. दुलीचंद गायला. गायला कसला, ओरडला. शेवटचं "परत ये" त्यानं डोळे मिटून, टाचा उचलून मारलं.

दम संपला. तारा थांबल्या. आणि तेच "ये" जरासं खाली, जरासं मागून, कोणीतरी गुणगुणत संपवलं.

"ऐकलं काय बे?" दुलीचंद म्हणाला.

"समोरच्या गोदामाच्या भिंतीवरून आवाज परत आला," वसंता म्हणाला. "भोंग्याचं असंच असते."

भिंत ज्याचा आवाज त्यालाच परत देते. हा बाईचा होता. पण दोघांपैकी कोणीही ते बोललं नाही.

बुधवारी वसंताचे हात आधीपासूनच घामेजलेले. दुलीचंदच्या डोळ्यांखाली काळं आलेलं. तो दोन दिवस जेवला नव्हता. साधनाच्या घरी चूल-मांडवाची गडबड सुरू झाली होती, आणि ज्या ज्या वेळी तिकडून बायकांच्या हसण्याचा आवाज येई त्या त्या वेळी तो गिटारीच्या तारा आणखी पिळून घट्ट करी.

या वेळी ती शेवटापर्यंत थांबलीच नाही. पहिल्या ओळीपासून बरोबर आली. अर्धा शब्द मागे, जणू ऐकून ऐकून शिकतेय. *रागाच्या भरात...* भरात. *म्हटलं जा...* म्हटलं जा. तिसऱ्या ओळीपर्यंत ती बरोबरीला पोचली. आवाज कोवळा होता, आणि तो ट्रकच्या केबिनमधून येत होता.

आणि वास. मे महिन्यात मोहाची फुलं संपून गेलेली असतात. त्या दुपारी गॅरेजात मोह पडत होता. ओला, गोड, डोकं जड करणारा.

वसंताच्या हातची काठी थांबली. "दुल्या... तिथं कोणी बसलं हाये..."

"वाजव."

"मी नाई वाजवत."

"वाजव बे! हाक अर्धी राहील!"

वसंतानं काठी टाकली आणि दाराच्या फटीतून तो जो निघाला तो थेट मोतीलालच्या दुकानात जाऊन मापाच्या तराजूखाली बसला, असं मोतीलाल पुढे कित्येक वर्षं सांगायचा. लाउडस्पीकरच्या दुकानात तराजू कुठून आला ते कोणी विचारलं नाही. दुलीचंदनं एकट्यानं हाक पुरी केली. एकट्यानं म्हणजे, दोघांनी.

दोन वाजता मिस्त्री आला, आणि आत पाय टाकल्याबरोबर थांबला. नाक वर केलं. पिंपांकडे पाहिलं, गिटारकडे पाहिलं, मग ट्रककडे.

"काय केलं इथं?"

"गाणं म्हटलं, काका."

"कोणतं? मंघा कानावर आलं थे? 'परत ये' वालं?" मिस्त्री हळू बोलला. मिस्त्री कधीच हळू बोलत नसे. "कोणाले म्हटलं परत ये? नाव घेतलं काय?"

"नाई."

"भर बाराले, बिननावाची हाक मारली? या छपराखाली?"

मग मिस्त्रीनं बिडी पेटवली आणि त्या ट्रकचं सांगितलं. ड्रायव्हर वाचला होता. त्याच्या बाजूला एक बाई होती. तरणी, मोहाची टोपली घेऊन रस्त्यात उभी होती, बसवून घे म्हणाली. कुठली, कोणाची, ड्रायव्हरला माहीत नव्हतं. पोलिसांनी बिरशाच्या बाजारात दोन दिवस विचारलं. कोणी पुढे आलं नाही. शेवटी कागदावर 'अनोळखी स्त्री' लिहून मोकळे झाले.

"चितेपाशीही कोणी नाव घेऊन रडलं नाही तिले," मिस्त्री म्हणाला. "ज्याले नाव हाये थे समजते, ही हाक माह्यी नाई, दुसऱ्याची हाये. जिले नावच नाई, तिले कसं समजन? तिले वाटलं, मलेच बोलावलं."

दुलीचंदनं गिटार भिंतीला टेकवली.

"उद्या म्हणू नको."

"उद्या तिसरी हाक हाये, काका. परवा तिचं लगन हाये."

"मंग नाव घेऊन मार."

"नाव घेता येत नाई."

मिस्त्रीनं बिडी विझवली. त्याला समजलं असावं, कारण त्यानं पुढे विचारलं नाही. नुसतं म्हणाला, "दाराशी कोणी आलं त आधी नाव विचारजो. नाव सांगितलं त उघड. जे नाव सांगत नाई त्याले दार उघडू नको. समजलं काय, पोट्ट्या?"

"हौ."

*

गुरुवारी हळद होती. सकाळपासून मोतीलालच्या रेकॉर्डी वाजत होत्या. बाराला थांबल्या. त्या थांबल्याबरोबर सगळी गल्ली अशी शांत झाली की दुलीचंदला व्हॉल्वची घूं घूं पोटात ऐकू आली.

वसंता आला नव्हता. दुलीचंदनं दार लावलं, अडसर घातला, आणि माइकपुढे उभा राहिला. त्याला भीती वाटत होती का? वाटत होती. पण भीतीपेक्षा शुक्रवार मोठा होता. आज ही हाक गेली नाही तर साधना उद्या भिलाईच्या मोटारीत बसणार, आणि मग जन्मभर हाका मारल्या तरी त्या हवेत जाणार. त्याच्या मनात एकच चाललं होतं... ये, ये, एकदा ये, मी परत कधी जा म्हणणार नाही.

त्यानं तार छेडली.

आणि पिंप वाजलं. वसंता नसताना. जोरात नाही, बोटांनी वाजवल्यासारखं, बरोबर ठोक्याला ठोका.

ती पहिल्या शब्दालाच बरोबर होती. मागे नाही, पुढे नाही. आजपर्यंत ते गाणं म्हणजे नुसती बोंब होती. त्या दुपारी ते पहिल्यांदा गाणं झालं. त्याचा फाटका आवाज आणि तिचा कोवळा, एकमेकांत असे गुंतले की कोणता कोणाचा हे त्यालाही सांगता येईना. दुलीचंद रडत होता आणि गात होता. मोहाच्या वासानं त्याला गुंगी आली होती. दुसऱ्यांदा सुरू केलं तेव्हा त्यानं सुरू केलं की तिनं, कोण जाणे. *दार उघडंच ठेवलं मी...*

टक.

पत्र्याच्या दारावर बोटाचा आवाज. अगदी हलका.

दुलीचंद थांबला. ती थांबली नाही. ती केबिनमधून गातच होती, आणि माइक चालू होता, आणि तिचा आवाज छपरावरच्या भोंग्यातून सगळ्या मोहल्ल्यावर जात होता.

टक. टक.

"कोण?" दुलीचंद म्हणाला. छपरावरून भोंगाही म्हणाला... कोण...

बाहेरून उत्तर नाही. दाराच्या खालच्या फटीत दोन पावलांची सावली.

"नाव सांग."

श्वास ऐकू येत होता. धावून आल्यावर होतो तसा. पण नाव नाही.

त्याच्या पाठीमागे गाणं अजून गोड झालं. आता त्या आवाजात विनवणी होती. त्याला वाटलं, ही आत आहे तीच बाहेरही आहे. आत गाते आणि बाहेर ठोकते. दार उघडलं की दोन्हीकडून...

"नाव सांग! नाव सांग नाई त उघडत नाई!"

टक, पत्रा वाजला. मग तळहात ठेवल्यासारखा मोठा, मऊ आवाज. त्यानं पाना उचलून पत्र्यावर आपटला आणि सगळ्या जोरानं ओरडला:

"जा! जा इथून! जा!"

भोंग्यानं ते सगळ्या आकाशातून म्हटलं. जा.

सावली क्षणभर तशीच राहिली. मग नव्हती.

केबिनमधलं गाणं संपलं. फार हळू, समाधानानं संपलं. पुढे व्हॉल्वची घूं घूं तेवढी राहिली.

दुलीचंद किती वेळ बसून होता कोण जाणे. शेवटी मिस्त्रीनं बाहेरून हाक दिली, नाव घेऊन, तीनदा, तेव्हा त्यानं अडसर काढला. मिस्त्री आत येईना. तो दाराच्या बाहेरच्या अंगाकडे पाहत उभा होता.

"कोण आलतं?"

पत्र्यावर एक हात उमटला होता. उजवा हात, लहान, पाचही बोटं मोकळी. पिवळा. ओल्या हळदीचा.

भैयालाल बाबूंच्या मागच्या दारापासून गॅरेजापर्यंत धुळीत अनवाणी पावलं होती. जाताना लांब लांब टाकलेली. परतताना जवळ जवळ.

तिला नाव सांगता येत नव्हतं. हळद लागलेली पोरगी, भर दुपारी, परक्या दाराशी, गल्लीत ऐकू जाईल असं आपलं नाव कसं उच्चारणार?

शुक्रवारी लग्न झालं. दुलीचंदला ताप भरला होता. मोटार गॅरेजावरूनच गेली.

*

नऊ वर्षं गेली. मिस्त्री वारला आणि गॅरेज दुलीचंदच्या अंगावर आलं. त्यानं लग्न केलं नाही. दाराच्या बाहेरच्या अंगाला रंग दिला नाही. गिटारीच्या तारा काढून त्यानं कुणाच्या स्कूटरला लावल्या. ट्रक तिथेच राहिला. लोक म्हणत, भंगारात दे. तो म्हणे, देऊ.

आणि एक गोष्ट त्यानं काटेकोर पाळली. त्या छपराखाली त्यानं साधनाचं नाव कधी घेतलं नाही; केबिनमधल्या बिननावाच्या बाईच्या कानावर ते पडू नये म्हणून. मनातसुद्धा जपून. बाराला दार लावून तो ट्रकच्या समोर पिंपावर बसायचा. कधी मोहाचा वास यायचा. कधी केबिनमधून एखादा सूर यायचा, सुरुवातीचा, आणि थांबायचा. जणू विचारतेय, म्हणतोस का? तो म्हणायचा नाही. ती वाट पाहायची. तोही पाहायचा. फक्त दोघांची वाट वेगळी होती.

अठ्ठ्याहत्तरच्या मेमध्ये, दुपारी, दारात छत्री घेतलेली एक बाई उभी राहिली. त्या दिवशी अडसर घालायचा राहून गेला होता. बाहेरच्या उजेडामुळे तिचं तोंड दिसत नव्हतं.

"कोण पाहिजे, बाई?"

"ओळखलं नाई?" ती म्हणाली. उंबऱ्याच्या आत एक पाऊल टाकून तिनं छत्री मिटली. "मी साधना."

दुलीचंदच्या हातातला पाना खाली पडला. पण त्याला पहिल्यांदा जे वाटलं ते सुख नव्हतं. त्याला वाटलं, नाव. हिनं इथे नाव सांगितलं.

"भावाच्या लग्नाले आली," ती म्हणाली. "परवा जाऊन राह्यली. म्हटलं, एक गोष्ट नऊ वर्षं डोक्यात घोळते, इचारून जावं." तिचा आवाज रेटून स्थिर ठेवलेला होता. "त्या दिवशी तुह्या संग आत कोण गात होती?"

"बाहेर ये. बाहेर बोलू."

"नाई. इथंच सांग. साऱ्या बायका मले हळद लावत होत्या अन् म्हणत होत्या, काय गोड गळा हाये वो, कोणाची पोट्टी? मले वाटलं, पाहून त येऊ. आली. आंघोळीच्या नावानं मागच्या दारानं पळत आली. घरी परत जायाचंच नव्हतं मले, दुली. अन् आतून ती गाऊन राह्यली, अन् तू म्हणे... जा."

"आत कोणी नव्हती."

"मी काय बहिरी होती?"

"साधे, आत कोणी..." तो थांबला. नाव अर्धंच घेतलं होतं, पण घेतलं होतं. "मी तुलेच बोलावत होतो. तीनही दिवस. तुह्याशिवाय कोणालेच..."

"मंग नाव काहून नाई घेतलं?"

"तूच त शपथ घातली."

ती हसली. हसताना तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "सोळा वर्षाची होती मी. शपथ कशाले घालतात पोट्ट्या? मोडावं म्हणून घालतात. एकदा... एकदा जरी नावानं हाक मारली असती ना तू, त पहिल्या हाकेले ओ देली असती मी."

खिळ्यांच्या भोकांतून आलेल्या सुया हलत नव्हत्या. ट्रकच्या बाजूनं मोहाचा वास आला. आधी थोडा, मग इतका की साधनानं पदर नाकाला लावला.

आणि हाक आली.

"साधना..."

आवाज दुलीचंदचा होता. सतरा वर्षांच्या दुलीचंदचा; फाटलेला, घसा ओरबाडलेला, टाचा उचलून मारलेला. दुलीचंद तिच्यासमोर उभा होता, ओठ घट्ट मिटून. त्यानं मान हलवली. त्यानं हात पुढे केला, तिच्या तोंडावर ठेवायला...

पण नऊ वर्षं जी हाक ऐकायची राहिली होती, ती कानावर पडल्यावर बाई थोडीच थांबते. साधनाचा चेहरा सोळा वर्षांचा झाला.

"ओ," ती म्हणाली.

दुसरी हाक आलीच नाही.

तिला काही झालं नाही. चक्कर नाही, ताप नाही. तिनं इकडे-तिकडे पाहिलं, कशासाठी आलो होतो ते विसरल्यासारखं, आणि छत्री उघडून ती उन्हात निघून गेली. परवाच्या गाडीनं भिलाईला पोचली. सुखरूप.

पावसाळ्यानंतर वसंता कुणाच्या वरातीबरोबर भिलाईला गेला होता, तो तिच्या घरी चहा पिऊन आला. म्हणाला, सगळं बरं आहे. संसार करते, हसते, बोलते. फक्त एक झालंय. नावानं हाक मारली की वळून पाहत नाही. नवरा हाक मारतो, सासू हाक मारते, तीन-तीनदा. ऐकू येतं, बाकी सगळं ऐकू येतं. खांद्याला हात लावला की म्हणते, "मले बोलावलं काय?" राशन कार्डावर नाव वाचून दाखवलं तर म्हणाली, "ही कोण?"

दुलीचंदनं ते ऐकलं. चहाचा कप खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी बाराला त्यानं आतून दार लावलं, अडसर घातला, आणि ट्रकच्या केबिनपाशी जाऊन उभा राहिला. नऊ वर्षं जिभेखाली दाबून ठेवलेलं नाव त्यानं घेतलं. एकदाच, अगदी हळू.

"ओ," आतून आली. लगेच.

त्यानं बाही ओढून काचेवरची धूळ पुसली. आत काळोख होता. काचेच्या आतल्या अंगाला एक हात टेकला होता. उजवा, लहान, पाचही बोटं मोकळी. पिवळा.

हळद अजून ओली होती. तिचा एक ओघळ खाली सरकत होता.